निळोबाची नळी

आमच्या कल्याणात माणसाचं नाव आईबाप ठेवतात आणि गाव ते बदलून टाकतं. आत्माराम केशव नावाचा भला माणूस ठाण्याच्या इस्पितळातली नोकरी सोडून तळ्याजवळ, माझ्या भिंतीला भिंत लावून राहायला आला, ओट्यावर दवाखाना मांडून बसला आणि महिन्याभरात त्याचा निळोबा झाला. डोंबिवलीला स्टेशन होण्याच्या आधीची ही गोष्ट. तो आणि मी ठाण्याच्या शाळेत एका बाकावर बसलेले. तेव्हाही तो दौतीत काहीबाही मिसळून शाईचे रंग बदलायचा. मार मात्र मला बसायचा, कारण हसू मला यायचं.

निळोबा नाव पडलं ते त्याच्या निळ्या पाण्यावरून. त्याच्याकडे दोन बाटल्या होत्या. एकीत मोरचुदाचं निळं पाणी आणि दुसरीत कसलंसं दाहक, बिनरंगी पाणी. दोघींना तो कधी एका फळीवर ठेवत नसे. "सवती आहेत," म्हणायचा, "कामापुरत्या एकत्र येतात. जास्त वेळ ठेवल्या तर दोघीही नासतात." रोगी आला की दोन्हींतलं सारखं सारखं काचेच्या नळीत घ्यायचं, स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं आणि मग त्यात रोग्याच्या लघवीचे थेंब सोडायचे. लघवीत साखर नसेल तर पाणी निळंच राहायचं. असेल तर आधी हिरवट, मग पिवळं, मग नारिंगी आणि शेवटी भाजलेल्या विटेसारखा लाल गाळ तळाशी. रंग जितका लालीकडे, तितकी साखर जास्त, म्हणजेच तितका मधुमेह पुढे गेलेला.

हा सगळा खेळ तो आत खोलीत करू शकला असता. पण बंद दारामागं जे होतं त्यावर आमच्या गावाचा विश्वास नाही. म्हणून सकाळी ऊन ओट्यावर आलं की निळोबा बाहेर बसायचा. समोर पंधरावीस माणसं. त्यांतले रोगी चार, बाकीचे रसिक. नळी तापली की तो ती डोळ्यांच्या रेषेत उंच धरायचा, उन्हाकडे करायचा आणि ओठांचा चंबू करून तिच्यावर हळूच फुंकर घालायचा. फुंकर घालायची काही गरज नव्हती, मी त्याला विचारलं होतं. "गरज नाही," तो म्हणाला, "पण तेवढ्यात रोग्याला देवाचं नाव घेता येतं."

रंग तसाच राहिला की तो मोठ्यानं ओरडायचा, "निळं!" आणि सगळा ओटा सुटकेचा श्वास सोडायचा. लाल आलं तर तो ओरडत नसे. नळी खाली ठेवून रोग्याच्या गुडघ्यावर हात ठेवायचा, त्यावरूनच लोकांना कळायचं.

"मग औषध?" रोगी विचारायचा.

"नाही."

"नाही म्हणजे?"

"भात सोडा, गोड सोडा, कोंड्याची भाकरी खा. चार दिवस जास्त मिळतील. औषध कुणाकडेच नाही, मुंबईला नाही आणि विलायतेलाही नाही."

यावर लोक चिडत. औषध नाही तर परीक्षा कशाला, असं तोंडावर विचारत. निळोबाचं उत्तर ठरलेलं होतं. "मी घड्याळ आहे बाबा. किती वाजले ते सांगतो. सूर्याला थांबवणं माझ्या हातात नाही." आणि आणखी एक त्याचं आवडतं वाक्य होतं, ते तो नळी धुताना म्हणायचा. "माणूस खोटं बोलेल, बाटली बोलणार नाही. नळीला नातं नसतं."

बाटली खोटं बोलते, हे त्याला पहिल्यांदा शिकवलं ठाण्याच्या तात्यासाहेबांनी. तात्यासाहेब म्हणजे कोर्टातून निवृत्त झालेले शिरस्तेदार. आगगाडीनं आले, रेशमी फडक्यात गुंडाळलेली बाटली घेऊन. निळोबानं चार थेंब सोडले मात्र, आणि नळीत वीटभट्टीच पेटली. एवढा लाल रंग ओट्यानं कधी पाहिला नव्हता. तात्यासाहेब तसेच उठले, घरी गेले, मृत्युपत्र केलं, भात सोडला आणि ज्या धाकट्या भावाशी वीस वर्षं बोलणं नव्हतं त्याला सहकुटुंब जेवायला बोलावून गळ्यात पडून रडले.

इकडे निळोबाला चैन पडेना. "अरे बापू," मला म्हणाला, "एवढी साखर आणि माणूस गोलमटोल? तहान नाही, रात्रीचं उठणं नाही. काही तरी चुकतंय." आठ दिवसांनी आम्ही दोघं ठाण्याला गेलो. त्यानं ती बाटली मागितली, नाकाशी नेली आणि विचारलं, "हिच्यात आधी काय होतं?"

"मध," आतून काकू, तात्यासाहेबांच्या पत्नी, म्हणाल्या. "वैद्यांच्या चूर्णाबरोबर घ्यायचे ना. संपला म्हणून विसळून दिली."

त्या काळी घरात काचेची बाटली म्हणजे एक, फार तर दोन. तीत मध, तीत अत्तर, तीतच सगळं. निळोबानं स्वच्छ भांड्यातून दुसरी लघवी घेऊन तिथंच परीक्षा केली. निळं! घरात आनंदीआनंद. तात्यासाहेब मात्र लालबुंद झाले. "म्हणजे मला काही झालेलं नाही?"

"काही नाही."

"मग त्या हलकटाला जेवायला कशाला बोलावलं मी?"

तेव्हापासून निळोबानं नियम केला. बाटली त्याची, तीन वेळा उकळत्या पाण्यानं धुतलेली, वर रोग्याच्या नावाची चिठ्ठी. शिवाय एकदा सकाळची लघवी आणि एकदा जेवणानंतर दोन तासांची, कारण सकाळी निळा दिसणारा माणूस भात खाल्ल्यावर लाल निघू शकतो. एका निळ्यावर नाचायचं नाही, हे तो सगळ्यांना बजावायचा.

दुसरा धडा खाडीपलीकडच्या एका पाटलांनी दिला. मिठागरांचे मालक, आवाज असा की अलीकडे बोलले तर पलीकडच्या गायी कान टवकारत. त्यांनी निळोबाची चिठ्ठी लावलेली बाटली भरून आणली. परीक्षा चालू असताना पाटलांनी तीनदा पाणी मागितलं. यमुनावहिनी, म्हणजे निळोबाची बायको, तांब्या भरभरून देत होत्या. नळी निळी राहिली. पण निळोबा ओरडला नाही. त्यानं नळीकडे पाहिलं, रिकाम्या तांब्याकडे पाहिलं, मग पाटलांच्या ढिल्या झालेल्या अंगरख्याकडे पाहिलं.

"पाटील, बाटली कुणाची?"

"माझीच."

"आणि तहान?"

ओटा हसला. पाटील खाली बघायला लागले. शेवटी म्हणाले, "गड्याची हाय. माझा पानी तुझे कपाटान ठेवशील, वर माझा नाव लिवशील. भाऊबंदांच्या हाती लागला त करनी करतील ना मना!"

निळोबा हसला नाही. त्यानं वचन दिलं की परीक्षा झाली की उरलेलं पाणी आणि चिठ्ठी पाटलांच्या डोळ्यांसमोर मातीत पुरीन आणि बाटली फोडीन. तसं केलंही. एक अख्खी बाटली फोडली माणसाच्या भीतीसाठी. पाटलांच्या खऱ्या पाण्यानं नळी लाल आली होती. भात सोडा म्हटल्यावर पाटलांनी हात जोडले. "डागतर, सकाली तांदलाची भाकर, दुपारी भात, संध्याकाली भात. भात सोरला त जगू कशाला?" आणि खरंच त्यांनी सोडला नाही. दीड वर्षात गेले.

त्या दिवशी मी निळोबाला शाबासकी दिली. "तुला बाटली फसवू शकत नाही बुवा."

"मी बाटलीकडे बघत नव्हतोच," तो म्हणाला, "माणसाकडे बघत होतो."

हे वाक्य त्यानं कुठंतरी लिहून ठेवायला हवं होतं.

यमुनावहिनी म्हणजे ठेंगणी, चटपटीत बाई. मूलबाळ नव्हतं. नवऱ्याच्या ओट्यावरच्या नाटकाला त्या आतून दाद द्यायच्या. "अख्ख्या गावाचं पाणी तापवता, एकदा आंघोळीचंही तापवा," असं दारामागून ऐकू आलं की रसिक खूश. एका उन्हाळ्यात त्यांच्या पायाला काटा लागला आणि ती जखम भरेना. मग तहान सुरू झाली. निळोबानं एक दिवस बाटली आत दिली आणि ओट्यावरच्या लोकांना "आज दवाखाना बंद" म्हणून घालवलं. त्याच्या आयुष्यातली ती पहिली परीक्षा, जी त्यानं दार लावून केली. मी भिंतीपलीकडे होतो. "निळं" ऐकू आलं नाही.

त्या दिवसापासून त्यानं बायकोचा भात बंद केला, आणि स्वतःचाही. ती कोंड्याची भाकरी खाणार तर मीही. कारल्याचा रस तिला एक वाटी, स्वतःला एक. जांभळाच्या बिया वाळवून कुटायचा. मुंबईच्या डॉक्टरांना पत्रं लिहायचा, उत्तरं वाचून चुलीत घालायचा. दर सोमवारी परीक्षा, दर सोमवारी लाल. दोन महिन्यांत तो असा वाळला की दोघांतला रोगी कोण, हे परक्याला सांगता आलं नसतं. रोगी दारात उभे असायचे आणि हा आत बायकोचे पाय मांडीवर घेऊन बसलेला. सूर्याला थांबवणं माझ्या हातात नाही म्हणणारा माणूस सूर्याला दोरी बांधून ओढत होता.

आणि एका सोमवारी भिंतीपलीकडून आरोळी आली. "निळं!"

मी धावत गेलो. निळोबा ओट्यावर नळी घेऊन अक्षरशः नाचत होता. त्यानं नियमानं दुपारी, जेवणानंतर दोन तासांनी, दुसरी बाटली मागवली. तीही निळी. पुढच्या सोमवारी दोन्ही निळ्या. त्याच्या पुढच्याही.

"बापू, उतरली रे! कारलं लागू पडलं!"

घरात भात शिजला. निळोबानं चार महिन्यांनी पोटभर जेवण केलं. दवाखाना उघडला, ओट्यावरची गर्दी परतली आणि तिला तो स्वतःच्या बायकोची गोष्ट सांगू लागला. मीही आनंदात घरी आलो आणि आमच्या कुटुंबाला म्हणालो, "वहिनींची साखर गेली हो!"

आमचं कुटुंब तांदूळ निवडत होतं. मान वर न करता म्हणालं, "ती माझी."

"काय तुझी?"

"बाटली. सोमवारी सकाळची माझी, दुपारचीही माझी. परसातल्या भिंतीवरून देते."

आता मी तुम्हाला काय सांगू? दिवाळीत अनारशांचा डबा एकटीनं संपवणारी, लाडवाला नाही न म्हणणारी माझी बायको. तिच्यात साखरेचा अंश नाही याचा आनंद मानावा की डोकं भिंतीवर आपटावं, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. मी परसात गेलो. भिंतीच्या पलीकडे वहिनी आमच्या विहिरीवरून नेलेली कळशी तोंडाला लावून पाणी पीत होत्या. घरात प्यायल्या तर तो मोजायचा, म्हणून इथं. नऊवारीला कमरेपाशी जास्तीचे घोळ घातले होते, हाडं झाकायला.

"वहिनी, हे काय चालवलंय?"

त्यांनी कळशी खाली ठेवली, तोंड पुसलं. "बापूभावजी, मला उगाच बोलू नका. बरं होण्यासारखं काही नाही, हे त्यांनीच शंभर माणसांना सांगितलेलं मी दाराआडून ऐकलंय. मला सांगायची त्यांची छाती नाही. माझ्याबरोबर उपाशी मरायला निघाले होते. त्यांना द्यायला माझ्याकडे दुसरं काय आहे? एक रंग आहे, तो दिला."

मी भिंतीवरचं शेवाळ नखानं खरवडत राहिलो.

"आणि खरं सांगू?" त्यांच्या डोळ्यांत जुनी वहिनी चमकली. "मला भात मिळाला. चार महिने कोंडा खाऊन मी गाय झाले होते. तिकडे सांगितलंत तर दोघांचाही भात जाईल. बघा बाई."

तिकडे सांगायला मी तीनदा निघालो. पहिल्यांदा तो जेवत होता. दुसऱ्यांदा एका म्हातारीला हसवत होता. तिसऱ्यांदा मी ओट्यावर बसून घसाही खाकरला, तर तो म्हणाला, "बरा आलास. तुझं अक्षर चांगलं आहे. याची नक्कल कर." हातात चार कागद ठेवले. मुंबईच्या एका वर्तमानपत्राला पत्र होतं. कारल्याचा रस, जांभळाच्या बिया, प्रत्येक सोमवारचा रंग. मधुमेह बरा होतो, असं खाली ठळक लिहिलेलं.

म्हणजे बघा माझी पंचाईत. बोललो तर एका घरातला भात जातो. गप्प बसलो तर मुंबई इलाख्यातले मधुमेही माझ्या बायकोच्या बाटलीवर विसंबून कारल्याचा रस पिणार! मामलेदार कचेरीतला मी जुना कारकून. अशा वेळी कारकून जे करतो तेच केलं. नक्कल लांबवली. आधी शाई पातळ होती, मग बोट दुखत होतं, मग कागद चांगला मिळेना. निळोबा रोज विचारायचा, मी रोज नवा बहाणा सांगायचो आणि माझ्या डोळ्यांसमोर तो रोज थोडा जाड होत होता आणि त्या रोज थोड्या बारीक.

त्याला दिसत नव्हतं का? मी हे किती वेळा स्वतःला विचारलं. पाटलांचा ढिला अंगरखा ज्यानं पाच हातांवरून पाहिला, त्याला घरातली बाई दिसत नव्हती. अशक्तपणा मागे राहतोच, असं तो म्हणायचा. बाटली निळी आहे ना, मग झालं. पहिल्यांदाच तो माणसाकडे बघत नव्हता, बाटलीकडे बघत होता.

नक्कल कधीच झाली नाही, कारण वहिनी पडल्या. एका सकाळी उठल्याच नाहीत. गुंगी आली होती, बोलल्या तर थोडं बोलत, पुन्हा डोळे मिटत. श्वास खोल आणि भराभर. निळोबा त्यांच्यावर वाकला आणि तसाच थांबला. त्या श्वासाला नासत चाललेल्या गोड फळासारखा वास होता. मधुमेहाच्या अखेरचा तो वास इस्पितळात काम केलेल्या माणसाला सांगावा लागत नाही.

त्यानं मला हाक मारली. मी पोचलो तेव्हा तो ओट्यावर बसला होता, उन्हात, नेहमीच्या जागी. समोर रसिक नव्हते. या वेळी बाटली त्यानं स्वतःच्या हातानं भरून आणली होती. सवतींना एकत्र केलं, दिवा पेटवला, पाणी उकळलं. थेंब मोजून सोडले. मी नळीकडे पाहिलं नाही, त्याच्या तोंडाकडे पाहत राहिलो. हिरवं, पिवळं, नारिंगी, सगळं मला तिथंच दिसलं.

त्यानं दिवा विझवला. मग हळू आवाजात म्हणाला, "बापू, ते पत्र?"

"नक्कल व्हायची आहे."

"राहू दे. होऊच नये." मग सवतींना बुचं लावत त्यानं विचारलं, "आधीच्या बाटल्या कुणाच्या रे?"

 माझी नजर आपोआप आमच्या परसातल्या भिंतीकडे गेली. त्यानं ती पाहिली. आणि मग, देवाशपथ सांगतो, त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात शाळेतला आत्माराम हलला.

"तुझ्याकडच्या वहिनींना सांग, त्यांची प्रकृती ठणठणीत आहे. वीस बाटल्या पाहिल्यात मी त्यांच्या."

मला हसू आलं, आणि ते निघालं रडण्यासारखं. तेवढ्यात आतून, अगदी खोल विहिरीतून यावा तसा वहिनींचा आवाज आला. "अहो... काय आलं?"

आज बाटली आपली स्वतःची आहे, हे त्या बाईला ठाऊक होतं. काय येणार, हेही ठाऊक होतं. आणि तरी विचारत होती. निळोबानं नळीकडे पाहिलं. तळाशी विटेच्या रंगाचा गाळ जाड बसला होता. त्यानं ती उंच धरली, उन्हाकडे केली, ओठांचा चंबू करून फुंकर घातली आणि सगळ्या तळ्याला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "निळं!"

आत एक बांगडी किणकिणली. मग, "सांगत नव्हते मी?"

"भात टाकू?"

"थोडा. मऊ."

मी त्याला शेवटचा मनात ठेवलाय तो असा. पुढचे तीन दिवस, स्मशान, तो घर सोडून गेला तो दिवस, हे सगळं मी पाहिलं, पण ते मला आठवून बघावं लागतं. हे मात्र आपोआप दिसतं. जन्मात चुलीपुढे न बसलेला निळोबा फुंकणी उलटी धरून धूर काढतोय. नळी तशीच, न धुतलेली, कनवटीला खोचलेली. भात गरगटलाय. त्यातला चमचाभर भात त्यानं घेतला, सवयीनं डोळ्यांच्या रेषेत वर धरला, खिडकीच्या उजेडाकडे केला, त्यावर हळूच फुंकर घातली आणि आत घेऊन गेला.